पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे

आमच्या पंपावर आगीच्या दोन जागा आहेत, असं मालक म्हणतात. एक जमिनीखालची टाकी आणि दुसरी माझी बायको. टाकीची त्यांना फारशी भीती वाटत नाही.

ही पेट्रोल भरते आणि मी चाकांत हवा भरतो. नवरा-बायको एकाच पंपावर, त्यामुळे घरचं भांडण कामावर आणि कामावरचं घरी अशी ने-आण चालूच असते. पंपावर सगळे हिला फौजदारीणबाई म्हणतात, अर्थात पाठीमागे. कारण एकच, मोबाइल. गिऱ्हाइकाने खिशातून मोबाइल नुसता डोकावू दिला तरी हिचा आवाज चढतो. "अहो निळा शर्ट! पेटायची हौस असेल तर घरी जाऊन पेटा, आम्हाला संसार आहे!" ही कामाला लागली त्या दिवशी जुन्या मॅनेजरने हिला सांगितलं होतं, की कुठल्याशा गावी एकाने फोन उचलला आणि अख्खा पंप उडाला. कुठलं गाव, कोण माणूस, हे त्यालाही माहीत नव्हतं. हिला तेवढं पुरलं.

पुढे मोबाइलवरून पैसे द्यायची सोय आली. कंपनीच्या माणसाने कोडची पाटी आणून लावली ती नेमकी 'मोबाइल वापरू नका' या पाटीच्या खाली! मी हसून हसून बेजार झालो. हिने मात्र दुसऱ्याच दिवशी पिवळा रंग आणला, पंपाच्या पार कडेला, माझ्या हवेच्या मशीनजवळ, जाडजूड पट्टा ओढला आणि कोडची पाटी उचलून पट्ट्याच्या पलीकडे नेऊन उभी केली. पैसे द्यायचे तर गाडीतून उतरा, पट्टा ओलांडा, पैसे द्या आणि परत या. लोक कुरकुरतात, रांग लांबते. मालक मूग गिळून बसतात, कारण हिच्याइतकं चोख काम करणारं माणूस त्यांना दुसरं मिळायचं नाही.

आम्ही कामगारही सुटलो नव्हतो. आल्या आल्या प्रत्येकाचा फोन केबिनमधल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. "अगं, मी तर पट्ट्याच्या पलीकडेच उभा असतो," असं मी एकदा म्हणून पाहिलं. "पाय पलीकडे असतात, तोंड कायम इकडे असतं," ही म्हणाली. विषय तिथेच संपला.

तर त्या दिवशी पहाटे जावयांचा फोन आला. आमच्या लेकीला दवाखान्यात नेलं होतं. तारीख पुढच्या आठवड्याची, पण बाळाला घाई. एकुलती एक लेक, पहिलं बाळंतपण आणि गाव इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. बदलीची बाई दुपारी यायची, तोवर आम्हाला निघता येत नव्हतं. लेक फोनवर म्हणाली, "आई, बाळाचा आवाज सगळ्यात आधी तुलाच ऐकवायचा, असं मी यांना सांगून ठेवलंय." हिने डोळे पुसले, कामावर आली आणि फोन मुकाट्याने डब्यात टाकला.

"आजच्या दिवस तरी जवळ ठेव," मी म्हणालो.

"नाही."

"अगं, लेकीचा फोन यायचाय!"

"मला ठाऊक नाही का? मी तिची आई आहे. तुम्ही हवा भरा."

माझा जीव टांगणीला लागला होता, आणि खोटं कशाला बोलू, त्या डब्याचा मला संताप आला होता. मधेच डबा खडखडला. ही एका गाडीत पेट्रोल भरत होती, तिला हलता येईना. मी धावत गेलो, कसाबसा फोन काढला, तर कोणीतरी गोड आवाजाची मुलगी मला कर्ज हवंय का म्हणून विचारत होती. बाहेर आलो तेव्हा हिने नुसत्या डोळ्यांनी विचारलं. मी मान हलवली. हिचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात अग्निशमन दलाचे साहेब आले. आगीपासून बचाव कसा करायचा, हे शिकवायला ते वर्षातून एकदा येतात. या वेळी साहेब नवीन होते, हसरे. मालक थोडा वेळ नळीवर उभे राहिले आणि आम्ही केबिनमध्ये बसलो. शेवटी साहेबांनी विचारलं, "काही शंका?" मी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"साहेब, मोबाइलमुळे पंप खरंच पेटतो का?"

साहेब म्हणाले, "मोबाइलनेच पंप पेटला, अशी खात्रीची एकही घटना माझ्या तरी पाहण्यात नाही. काळजी म्हणून मनाई आहे, आणि ती पाळावी. पण आग लावणारी ठिणगी बहुतेक वेळा असते आपल्या अंगावरच्या विजेची. माणूस सीटवर घासत गाडीतून उतरतो आणि तसाच नळीला हात लावतो. मोबाइलचा खरा धोका वेगळाच आहे. तो असा, की..."

पुढचं मी ऐकलंच नाही. माझ्या कानांनी तेवढ्यावर दुकान बंद केलं. मी उठलो, डबा उघडला आणि हिचा फोन हिच्या हातात ठेवला. ही तोंडात मारल्यासारखी बसली होती. इतकी वर्षं घसा फोडला तो कशासाठी, हेच तिच्या चेहऱ्यावर होतं. मला जरा वाईट वाटलं, पण जिंकल्याचा आनंद जास्त होता. हिने फोन एप्रनच्या खिशात टाकला.

साहेबांची जीप डिझेलसाठी रांगेत होती. हिने परत नळी हातात घेऊन पुढच्या स्कूटरमध्ये पेट्रोल भरलं, जीप पुढे आली आणि हिचा खिसा वाजला.

मी माझ्या जागेवरून पाहत होतो. फोन कान आणि खांद्याच्या मधे, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर असं हसू की मला आमचं लग्न आठवलं. लांबूनच कळलं, बाळ रडतंय आणि ही ऐकतेय. मी हातातली हवेची नळी तशीच सोडली. आणि मग माझी नजर हिच्या हाताकडे गेली. पेट्रोलची नळी हिरवी, डिझेलची काळी. जीपच्या टाकीत हिरवी होती.

साहेबांनी चावी लावलेली. इंजिन एकदा सुरू झालं असतं तर ते पेट्रोल पार आतवर गेलं असतं आणि डिझेलवर चालणारं इंजिन बिघडलं असतं. मी कधी नव्हे तो पळालो आणि जीपच्या बॉनेटवर पालथा पडलो.

"चावी फिरवू नका!"

"अहो, झालं काय?" साहेब ओरडले.

"मुलगी झाली!" ही म्हणाली.

"पेट्रोल झालं!" मी म्हणालो.

सगळ्यांना सगळं समजेपर्यंत बराच गोंधळ झाला. मग साहेबांसकट आम्ही सगळ्यांनी मिळून जीप ढकलत पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे नेली. टाकी रिकामी करायला गॅरेजवाल्याला बोलावलं. ही एका डोळ्याने रडत होती आणि दुसऱ्याने साहेबांची माफी मागत होती. आयुष्यात हिच्या हातून अशी चूक कधी झाली नव्हती, आणि फोन हिच्या हातात मी दिला होता. मला मान वर करवेना.

"मघाशी माझं वाक्य अर्धवट राहिलं," घाम पुसत साहेब म्हणाले. "खरा धोका असा, की फोनवरच्या माणसाचं हातातल्या कामाकडे लक्ष नसतं. उद्यापासून सगळ्या पंपांवर तुमचंच उदाहरण देतो. नात झाली त्याचं अभिनंदन. दोघी सुखरूप ना?"

"सुखरूप," ही म्हणाली. मग माझ्याकडे एक नजर टाकली, ती मी इथे सांगत नाही, आणि स्वतः जाऊन फोन डब्यात ठेवून आली.

रांग आता रस्त्यापर्यंत गेली होती. ही पुन्हा कामाला लागली आणि डबा खडखडला. या वेळी मी जागचा हललो नाही. हिने हातातली गाडी पुरी भरली, झाकण लावलं, नळी जागेवर अडकवली आणि लाल शंकू आणून रांगेसमोर ठेवला. असं तिने यापूर्वी कधीच केलं नव्हतं.

"पंप थोडा वेळ बंद," ती म्हणाली. "नात बघायचीये."

मागून एकाने हॉर्न दिला. बाकीचे सगळे त्याच्याकडे वळून असे बघायला लागले, की त्याने हात आवरला. ही डब्यातला फोन घेऊन भराभरा चालत पट्टा ओलांडून माझ्याजवळ आली आणि तिथून लेकीला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आमची लेक होती, दमलेली, विस्कटलेल्या केसांची, आणि तिच्या कुशीत एक लालबुंद, चिडलेला चेहरा. "अगदी तुझ्यावर गेलीये," मी म्हणालो. मला रडू येत होतं, आणि मी ते येऊ दिलं.

मग पाठीमागे पावलं वाजली. सगळ्यांत पुढे एक निळ्या शर्टवाला, त्याच्यामागे एक स्कूटरवाली, तो हॉर्नवाला, मालक, साहेब. अख्खी रांग गाड्या सोडून पट्टा ओलांडून आली होती आणि माना उंचावत होती.

"आई, एवढी माणसं कोण गं?" लेकीने विचारलं.

फौजदारीणबाईने वळून पाहिलं. कोणाच्याही हातात मोबाइल नव्हता.

"आपलीच आहेत," ती म्हणाली. "आज पहिल्यांदाच मी न ओरडता पट्ट्याच्या पलीकडे आलीयेत."