दारावरची माणसं

दुपारी एर्सिलियाबाईंना डुलकी लागली, की मी त्यांच्या स्वयंपाकघरात फोन उघडून बाबांसाठी घर शोधायला बसे. मी इटलीत, बोलोन्याला, या म्हाताऱ्या बाईंना सांभाळायला. बाबा तिकडे बल्गेरियात, रोडोपीच्या डोंगरात, एकटे. आणि घर हवं होतं प्लोवदिव शहरात, इस्पितळाजवळ. गेल्या हिवाळ्यात बाबांच्या छातीत कळ आली, तेव्हा रुग्णवाहिका घाटाखालीच बर्फात अडकून बसली होती. डॉक्टर मला म्हणाले, पुढचं बर्फ पडायच्या आत त्यांना खाली आणा.

भाड्याच्या घरांची ती वेबसाइट सगळं विचारायची. मजला कितवा, लिफ्ट आहे का, खिडकी दक्षिणेला हवी की पूर्वेला, कुत्रा पाळता का. मी चौकटीत खुणा करी, घरं गळत गळत मूठभर उरत. नकाशावर त्यांच्या गल्ल्यांतून बोटाने चालत जाई, कोपऱ्यावर पाववाला आहे ना, बसायला बाक आहे ना, ते बघे. मग फोटो बाबांना पाठवी.

"काय वाईट आहे यात?"

"वाईट काही नाही, पोरी. पण नको."

"कारण तरी सांगा."

"सफरचंदं उतरवायची आहेत अजून."

सफरचंदं उतरली. मग बटाटे काढायचे राहिले. मग लाकडं फोडायची राहिली. डोंगर पिवळा झाला, डोंगर तांबडा झाला, डोंगर उघडा पडला. बाबांचं 'नको' मात्र पिकेना की गळेना.

शेवटी प्लोवदिवच्या कुचुक पारिझ भागात एक घर सापडलं. दुसरा मजला, कोवळं ऊन येणारी गॅलरी, इस्पितळ चालत जाण्यासारखं. कालोयान नावाचा दलाल व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला तयार झाला. मी बाबांनाही कॉलवर घेतलं.

"बाबा, फोन समोर धरा. कान दिसतोय तुमचा."

"सकाळीच धुतलाय," बाबा म्हणाले, आणि कानाच्या जागी त्यांचा चेहरा आला.

"काका, आधी स्वयंपाकघर बघू," कालोयान म्हणाला. "ओटा नवा बसवलाय."

"ओटा कुठे पळून जात नाही. खाली चला. इमारतीचं दार दाखवा."

"दार दारासारखंच आहे, काका."

"दाखवा तर."

कालोयान जिना उतरला. मोठं काचेचं दार, लख्ख पुसलेलं. मला बरंच वाटलं. बाबा मात्र काचेला डोळा लावल्यासारखे बघत राहिले.

"कोपऱ्यात चिकटपट्टीचे तुकडे आहेत," ते म्हणाले. "कोणाला काढलंत इथून?"

कालोयान चपापला. "मयतांचे कागद होते, काका. कोणाच्या चाळिसाव्या दिवसाचा, कोणाच्या वर्षाचा. फोटोत वाईट दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, या घरात माणसं मरतात."

"आणि तुमच्या घरात?"

आमच्याकडे माणूस गेलं, की त्याचा फोटो आणि नाव छापलेला कागद दारावर लागतो, बसथांब्यावर लागतो, रस्त्यातल्या झाडावर लागतो. पुढे दरवर्षी त्या तिथीला नवा लागतो. येणारा-जाणारा थांबतो, वाचतो, पुढे जातो. त्या कागदांची मला इतकी सवय, की ते नाहीत हे ध्यानातच आलं नव्हतं. पण माझा धीर सुटला होता.

"बाबा, तुम्ही घर बघताय की कबरी? बर्फ दारात आलंय."

बाबांच्या मागे चुलीत लाकूड तडतडलं.

"नेवेनाचा कागद कुठे लावू?" ते म्हणाले.

नेवेना म्हणजे माझी आई.

"इथे दरवर्षी फाटकाला लावतो. वाचायला आळीत कोणी उरलं नाही, ते सोड. पण फाटक आपलं आहे. तिथे दार दुसऱ्याचं. भाड्याने राहणाऱ्याने आपलं माणूस लोकांच्या दारावर लावलेलं चालतं का? तुझ्या त्या चौकटींत हे कुठे विचारलंय, रुमे?"

कुठेच विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

"मी मालकांना विचारतो ना," कालोयान हळूच म्हणाला.

"विचारून लावलं, तर त्याची मर्जी असेपर्यंतच."

तेवढ्यात दार ढकलून एक ठेंगणी बाई आत आली. हातात लाल मिरच्यांची पिशवी. कालोयानला बघून तिने पिशवी खाली ठेवली.

"म्हणजे तूच तो. माझ्या नवऱ्याला, पेन्योला, तू काढलंस?"

"मावशी, फोटो काढायचा होता."

"तोही फोटोच होता. तुझ्यापेक्षा बरा दिसायचा."

तिने मिरच्यांखालून घडी घातलेला कागद आणि चिकटपट्टी काढली. "वारा नेतो, ऊन नेतं, आता दलालही न्यायला लागले," असं पुटपुटत कागद काचेवर दाबून बसवला. जाड मिशांचा पेन्यो पुन्हा आपल्या जागी आला.

"ताई," बाबांनी हाक मारली.

ती दचकून जिन्याकडे बघू लागली. कालोयानने फोन तिच्यासमोर धरला.

"ताई, भाडेकरूने इथे कागद लावला तर चालतो?"

"कोणाचा?"

"बायकोचा."

"मग विचारताय काय? वरचा मास्तर भाड्यानेच राहायचा. त्याची आई इथेच होती, या शहाण्याने काढेपर्यंत. पेन्योच्या बाजूला जागा आहे. पट्टी मात्र रुंद आणा, अरुंद सुटते." मग तिने फोन जवळ ओढला. "काय करायची ती?"

"कोण?"

"तुमची बायको. शेजारी येणार, तर माहीत नको?"

बाबांचा आवाज खाली गेला. "विणायची. विणता विणता गायची."

"आमच्या पेन्योला गाण्यातलं काही कळायचं नाही," बाई म्हणाली, "पण ऐकून घ्यायचा बिचारा." तिने पिशवी उचलली आणि ती जिना चढू लागली.

कालोयान घसा खाकरून म्हणाला, "काका, आता वर जायचं का?"

"चला."

मग बाबांनी त्याला घाम फोडला. नळ सोडायला लावला, खिडक्या उघडायला लावल्या, भिंतीवर बुक्की मारून ओल आहे का ते ऐकवायला लावलं. ओटा ठेंगणा आहे म्हणाले. गॅलरीचं दार कुरकुरतंय म्हणाले. मी प्रत्येक तक्रारीनंतर येणाऱ्या 'नको'ची वाट बघत होते.

"रुमे," शेवटी ते म्हणाले, "याला सांग, सोमवारी येतो."