भरल्या गाडीचा आवाज

तिसऱ्या गॅरेजवाल्यानेही तेच सांगितलं. "मॅडम, गाडीत काही नाही. तुमच्या मनात आहे."

मनात! रोज चाळीस-पन्नास किलोमीटर ती गाडी हाणणारी बाई, आणि आवाज म्हणे मनात. हीच गाडी एखाद्या बाप्याने आणली असती, तर याच माणसाने बॉनेटमध्ये मुंडकं घालून तासभर खटपट केली असती. बाईने आणली की गाडीचं दुखणं गाडीतून उठतं आणि बाईच्या डोक्यात जाऊन बसतं.

तिची स्वतःची लाँड्री होती. तीन दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, पडदे, डॉक्टरांचे कोट. सकाळी सातच्या आत धुतलेली गाठोडी पोचवायची आणि येताना मळलेली उचलून आणायची. गाडी एकोणीस वर्षांची, उंच, चौकोनी, मागच्या सीटा काढून टाकलेली. सासूबाई तिला म्हैस म्हणायच्या. गेले दोन महिने ही म्हैस हंबरत होती. काटा चाळिसाच्या पुढे गेला की खालून, बरोबर गाडीच्या पोटातून, घुंऽऽऽ असा आवाज उठायचा. तळव्यांना पत्रा थरथरलेला कळायचा. पुलाच्या चढावर तर कुणीतरी खालून हातोडी मारतंय असं ठक-ठक-ठक व्हायचं. तिथे ती जीव मुठीत धरून वेग कमी करायची. या महिन्यात दोनदा उशीर झाला होता, आणि ऑपरेशनच्या चादरीला उशीर चालत नाही.

नवऱ्याने आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. "शनिवारी संध्याकाळी एक जण गाडी बघायला येतोय. देऊन टाकू. नाहीतरी दादाच्या दुकानात गल्ल्यावर माणूस हवाच आहे."

दादा म्हणजे तिचा थोरला दीर. त्याच्या दुकानात तिने सहा वर्षं काढली होती. तिथे चहाला उठायचं तरी त्याच्या तोंडाकडे बघावं लागायचं. त्या खुर्चीत तिला परत बसायचं नव्हतं.

"आणि आवाज? त्या माणसाला काय सांगणार?"

"अगं, त्याला कुठला आवाज यायला? मेस्त्र्यांना तरी आला का?"

"म्हणजे आवाज आहे, हे तुम्ही मानता?"

"म्हणजे... तुझ्यापुरता आहे."

तिने चादरीची घडी अशी आपटली की टेबल हललं.

शुक्रवारी दुपारी सासूबाई लंगडत लाँड्रीत आल्या आणि अभ्र्यांच्या ढिगाशेजारी बसल्या.

"आई, काय म्हणाला डॉक्टर?"

"काय म्हणायचंय त्याने! खुर्चीत बसवलं, पाय जरा वर केला, जरा खाली केला. म्हणे, आजी, गुडघा ठणठणीत आहे. अरे मेल्या, खुर्चीत बसून कुणाचा गुडघा दुखतो? हातात पाण्याची बादली दे, जिना चढायला लाव, आणि मग बघ काय होतं ते."

तिची इस्त्री अभ्र्यावर तशीच थबकली. अभ्र्याला करपल्याचा वास आला तेव्हा कुठे तिने ती उचलली.

"काय गं, काय झालं?"

"आई, परत सांगा. बादली घेऊन काय?"

तिन्ही गॅरेजांत एकच पाटी होती: गाडी रिकामी करूनच आत आणावी. आणि ती शहाण्या मुलीसारखी दरवेळी गाठोडी उतरवायची, वर झाडू मारून गाडी न्यायची. रिकाम्या गाडीत मेस्त्री फेरी मारायचा आणि हात झटकायचा. रविवारी रिकाम्या गाडीने बहिणीकडे जातानाही कधी आवाज आला नव्हता. तिला मेस्त्र्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

शनिवारी सकाळी तिन्ही दवाखान्यांचं मळकं कापड गोळा करून, अकरा गाठोडी छतापर्यंत रचून, तिने गाडी थेट पहिल्या मेस्त्रीच्या दारात उभी केली. हा तिघांत जुना आणि तिघांत तोऱ्याचा. हाताखाली चार पोरं.

"ताई, पाटी दिसत नाही का?"

"दिसते. एक गाठोडं उतरणार नाही. मागे बसा."

"यावर? दवाखान्याच्या मळक्या चादरींवर?"

"उद्या तुमचं काही दुखलं-खुपलं तर याच चादरींवर झोपाल. आत्ताच सवय करून घ्या."

पोरं खिदळली. मेस्त्री तोंड वाकडं करून गाठोड्यांच्या फटीत कसाबसा घुसला. "बरं, चालवतो कोण?"

"मी. आजवर तुम्हीच चालवली ना? म्हणूनच ही वेळ आली."

तीस, पस्तीस. मेस्त्री मागे बसून, परतल्यावर पोरांना ऐकवायचा किस्सा मनात जुळवत होता. चाळीस झाले आणि घुंऽऽऽ सुरू झालं. मेस्त्रीचा किस्सा तिथेच तुटला. पुलाचा चढ लागला, ठक-ठक-ठक. त्याने खिशातला लांब पाना काढला, एक टोक पत्र्याला टेकवलं, दुसऱ्याला कान लावला.

"परत घ्या ताई. त्याच चढावर." मग पुन्हा, "अजून एकदा."

तीन फेऱ्या झाल्या. "मागच्या वेळी हा आवाज का नाही आला?" तो स्वतःशीच म्हणाला.

"तुम्ही तिला उपाशीपोटी तपासली."

गॅरेजात परतल्यावर भरलेलीच गाडी खालून तपासायच्या खड्ड्यावर घेतली. मेस्त्री टॉर्च घेऊन खाली उतरला आणि मिनिटभरात त्याने हाक मारली. "ताई, या. पण कपड्यांना ग्रीस लागेल."

"लाँड्री माझी आहे," म्हणत ती उतरली.

गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा दोन तुकड्यांचा होता. मधोमध एक बेअरिंग, जाड रबराच्या कड्यात टांगलेलं. ते रबर अर्ध्याहून जास्त फाटलं होतं. "गाडी रिकामी असली की दांडा सरळ राहतो, हे फाटकं रबरही त्याला कसंबसं धरून ठेवतं," मेस्त्री म्हणाला. "ओझं पडलं की मागची बाजू बसते, दांड्याचा कोन बदलतो, आणि हा इथे आपटतो. बघा." वरच्या आडव्या पट्टीवर घासून घासून चकाकणारा डाग पडला होता. तिने त्यावर बोट फिरवलं. दोन महिने ती जे सांगत होती ते तिथे, रुपयाएवढं, लखलखत होतं.

"असंच चालवत राहिला असतात तर एक दिवस दांडा निसटला असता." मेस्त्रीने आवाज खाली आणला. "माझं चुकलं ताई."

"इथे खड्ड्यात कशाला? वर येऊन बोला."

तो वर आला. आणि बोलला. मोठ्याने नाही, पण चारही पोरांनी मान वर करावी इतपत.

नवीन बेअरिंग दुपारी आलं. दांडा खोलण्याआधी मेस्त्रीने दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या रंगाची खूण केली. जसा होता तसाच बसला पाहिजे, नाहीतर हा आवाज जायचा आणि दुसरा यायचा. चार वाजता गाडी खड्ड्यावरून बाहेर निघाली. ती पाटी अजून तिथेच होती. पण पुढची गाडी आत घेताना मेस्त्रीने विचारलेलं तिला ऐकू आलं, "एरवी हिच्यात काय भरता तुम्ही?"

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. नवरा कौतुकाने टायर दाखवत होता.

"गाडी विकायची नाही," ती म्हणाली. "तुम्हाला हेलपाटा पडला, चहा घेऊन जा."

"अगं, पण आवाज..."

"गाडीत बसा. आई, तुम्हीही या."

गिऱ्हाईक चहा घेऊन गेल्यावर मागे गाठोडी रचली, नवऱ्याला शेजारी बसवलं, सासूबाईंना गाठोड्यांवर आरामात टेकवलं. चाळीस, पन्नास, पुलाचा चढ. खालून काही नाही. फक्त सीटखाली एक रिकामी बाटली इकडून तिकडे गडगडत होती. ती बाटली दोन महिने तिथेच असणार. आज पहिल्यांदा ऐकू आली.

नवरा बराच वेळ कान देऊन बसला. "खरंच गेला गं."

"म्हणजे होता."

त्याने खिडकीबाहेर बघितलं, मान खाजवली. "होता," तो म्हणाला. मग फोन काढून भावाला लावला. "दादा, गल्ल्यावर दुसरं कुणीतरी बघ. नाही, तिला वेळ नाही. सकाळी सातला चादरी पोचवायच्या असतात."

गाडी पूल उतरली. मग मागून गाठोड्यांतून आवाज आला, "सूनबाई, सोमवारी मला त्या डॉक्टरकडे ने."

"नेते की."

"आणि पाण्याची बादली घे बरोबर. भरलेली."