जॉयस्टिकची धार

पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीनं हर्षलला नोकरीचं गाजर दाखवलं होतं. आधी परीक्षा: गाड्यांच्या शर्यतीचा एक अर्धवट गेम जॉयस्टिकवर खेळायचा, कुठे काय बिघडतं ते लिहायचं आणि शनिवारपर्यंत मेल करायचं. जमलं तर नोकरी. नाही जमलं, तर त्याच्या वडिलांनी सातपूरच्या एका कारखान्यात शब्द टाकून ठेवलाच होता. वडील म्हणजे रंगनाथनाना. इंदिरानगरच्या मागच्या बाजूला घरं उठता उठता उरलेल्या मळ्यात झेंडू आणि शेवंती काढणारे. पोरगा खोलीत बसून गाड्या पळवतो आणि वर त्याला काम म्हणतो, हे काही त्यांच्या गळी उतरत नव्हतं. "खेळायचा कुणी पगार देतं व्हय?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता, ते मळ्यात निघून जात.

त्यात दसरा आला. झेंडूवाल्याच्या घरात दसऱ्याला कुणाचीच सबब चालत नाही. नवमीच्या सकाळी नानांनी हर्षलला झेंडूच्या क्रेटांबरोबर टेम्पोत बसवलं आणि विकायला कळवणला धाडलं. दसऱ्याच्या संध्याकाळी तो परतला तेव्हा ओरडून ओरडून घसा बसला होता. आंघोळ उरकून तो थेट कॉम्प्युटरपुढे बसला आणि जॉयस्टिकची वायर यूएसबीत खोचली. पडद्याच्या कोपऱ्यात सूचना आली: हे उपकरण ओळखता येत नाही.

परवापर्यंत रोजची ओळख होती, आणि आज हे असं. हर्षलनं वायर काढून मागच्या बाजूला खोचली. तेच. त्याच जागी माउस लावला तर तो मुकाट चालला, म्हणजे जागेत खोट नव्हती. ड्रायव्हर काढून सीडीवरून पुन्हा टाकला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरलाही लावून पाहिलं, त्यानंही ओळख दाखवली नाही. आता दोष जॉयस्टिकमध्ये, नाहीतर वायरीत. घरी येऊन त्यानं मागचे स्क्रू काढले, आतल्या तारांचे टाके चिमट्यानं हलवून पाहिले. सगळे घट्ट होते. वायर पुन्हा गुंडाळताना मात्र त्याच्या लक्षात आलं, की कळवणहून आला तेव्हा ती सुतळीसारखी गोल वेटोळी करून ठेवलेली होती. तो कधीच तशी ठेवत नसे. म्हणजे कुणीतरी हात लावला होता.

दुपारी जेवताना त्यानं डोक्यात राख घालून घेतली. "नाना, तुम्हीच केलंत ना? मला कळवणला पाठवून बिघडवून ठेवलंत. म्हणजे मी गुमान सातपूरला जाईन!"

नानांनी हातातला घास ताटात ठेवला. हात धुतला आणि चपला घालून मळ्याकडे गेले.

हर्षल खोलीत आला. बघायचं राहिलं होतं ते एकच, वायरीचं टोक. त्यानं त्यात टॉर्च मारला. आतल्या सोनेरी पट्ट्यांवर लाल खपली धरली होती. नखानं टोकरली तर बोटाला कुंकू लागलं.

जॉयस्टिक घेऊन तो तसाच स्वयंपाकघरात गेला. आईनं बोट पाहिलं आणि भांडी घासायची थांबली.

"तू गेलास आणि नानांनी खंडेनवमीची पूजा मांडली," छायाबाई म्हणाल्या. "खुरपी, विळे, फवारणीचा पंप, माझं शिलाई मशीन. मग उठून तुझ्या खोलीतून हे घेऊन आले. मी म्हटलं, अहो, ते खेळणं आहे. तर म्हणाले, त्याचं अवजार हाय ते."

"मग टोकाला का लावलं?"

"कुंकू धारेला लावतात ना. याची धार कुठली, म्हणून किती वेळ उलटसुलट करत बसले होते. शेवटी म्हणाले, आत शिरतं ते हे, म्हंजे हीच धार. वरचं मी पुसलं. तुला सांगू नको म्हणाले होते."

हर्षलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पट्टी पुसली, पंख्याखाली वाळवली आणि टोक खोचलं. कॉम्प्युटरनं निमूट ओळखलं. गेम चालू न करताच त्यानं जॉयस्टिक उचलली आणि मळा गाठला.

नाना हौदापाशी बसून पंप धूत होते.

"चालू झालं, नाना."

"झालं?" त्यांनी मान वर केली नाही. "मी पूजेला घेतलं अन् ते बंदच पडलं. मला वाटलं, देवालाच पटलं नाय."

वायर सैल झाली होती, एवढं म्हटलं की भागलं असतं. पण ते त्याच्या तोंडून निघेना. "देवाचं काही नाही. ओलं कुंकू आत जाऊन वाळलं होतं."

नानांचा चेहरा उतरला. "म्हंजे मीच..."

"धार ओळखायला चुकलात, एवढंच." हर्षल त्यांच्या शेजारी उकिडवा बसला. त्यांचा हात धरून अंगठा बटणावर ठेवला. "सगळं काम इथं होतं. याला लावायचं."

नानांनी बटण दाबून पाहिलं. पुन्हा एकदा दाबलं. मग ओला हात धोतराला पुसून जॉयस्टिक नीट दोन्ही हातांत धरली.

"पुढल्या नवमीला तू पुण्याला असशील," ते म्हणाले.

हर्षलनं अजून कंपनीला एक ओळही पाठवली नव्हती.

"जाताना घरातलं कुंकू घेऊन जा," नाना म्हणाले. "अन् जरा कोरडंच लाव."