घोंगडीखालची दुपार

मॉरिशसहून मराठी शिक्षकांचा एक गट प्रशिक्षणासाठी पुण्यात आला होता. मध्ये दोन दिवस सुट्टी मिळाली, तेव्हा बाकीच्या बायका साड्यांच्या खरेदीला लागल्या आणि मोनिका एकटीच छत्रपती संभाजीनगरला निघून आली. तिचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यांत कामाला मॉरिशसला गेलेले. घरात सगळे क्रिओल बोलायचे. मराठी होती ती आजीच्या भजनांपुरती. मोनिकाने ती पुढे शिकून घेतली, आता शाळेत शिकवत होती. आपली भाषा रस्त्यावर बोलली जाते आणि आपल्याला मात्र कुणीच ओळखत नाही, असं शहर तिने या प्रवासाआधी कधी पाहिलं नव्हतं.

सकाळ निवांत गेली. पाणचक्कीच्या हौदाकाठी सावलीत ती नुसती बसून राहिली. मग शहागंजच्या एका गल्लीत नान-खलिया खायला शिरली. बसल्या बसल्या तिने नेहमीचा प्रश्न विचारला, "यात शेंगदाणे आहेत का?"

"नही बाई. गोश्त और मसाला, बस," हॉटेलवाला म्हणाला.

शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी तिचा घसा सुजून श्वास अडायचा. म्हणून पर्समध्ये पेनासारखं दिसणारं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन कायम असायचं. एरवी दोन असायची. आता पर्स चाचपताना कळलं, एक पुण्यातल्या बॅगेतच राहिलंय. पहिला घास तिने भीतभीतच तोंडात घातला. थोडा वेळ थांबली. काही झालं नाही. मग तिने नान रश्श्यात बुडवून बुडवून सगळं संपवलं.

दुपारी ती दौलताबादचा किल्ला बघायला गेली. वरून उतरताना पायऱ्यांच्या कडेला पेरू विकणारी एक बाई दिसली. काळी घोंगडी अंथरून बसलेली, कपाळावर भंडारा. मोनिका पेरू निवडायला वाकली.

"कुठली गं तू? बोलती मराठी, पर येगळीच," बाईने विचारलं.

"मॉरिशसची. समुद्रापलीकडची."

"आगं बया! अन् येकटीच?"

तेवढ्यात वरून आरडाओरडा ऐकू आला. माणसं अंगावरचे कपडे झाडत, धडपडत खाली पळत होती. कुणीतरी ओरडलं, "आग्यामोहोळ उठलं! पळा!"

मोनिकाला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. ती वळून बघतच राहिली. मानेवर पहिली माशी डसली तेव्हा ती किंचाळून पळाली, तीही चुकीच्या दिशेने, उघड्यावर. पर्स हातातून निसटली. बाई उठून तिच्यामागे धावली, दंडाला धरून तिला ओढत आणलं, भिंतीच्या कोपऱ्यात खाली बसवलं आणि दोघींच्या अंगावर घोंगडी ओढली.

"हलू नगं. वरडू नगं."

आत अंधार आणि लोकरीचा उग्र वास. बाहेर घोंगडीवर माश्या आपटत होत्या. आत शिरलेल्या एकदोन माश्या बाईने बोटांनी चिरडल्या.

"नाव काय तुमचं, मावशी?" मोनिकाने कुजबुजत विचारलं.

"म्हाळसाबाई. पायथ्याला बकऱ्या हायेत आमच्या." पुढचं बोलताना तिचा आवाज घोगरा झाला. "माझ्या तोंडाला लई चावल्या गं. खाज सुटली सगळ्या अंगाला."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "छातीत कोंडतंय."

मोनिकाने अंधारात तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. ओठ जाड झाले होते, डोळे सुजून मिटले होते. श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. तो आवाज मोनिकाच्या चांगल्या ओळखीचा होता. लहानपणी एका लग्नात तिच्या स्वतःच्या घशातून तो निघाला होता.

इंजेक्शन पर्समध्ये होतं आणि पर्स बाहेर पायऱ्यांवर. शिवाय तिला स्वतःलाही माश्या डसल्या होत्या. मान जळत होती. आपलाही घसा बंद होऊ लागला तर? दुसरं इंजेक्शन नव्हतं. घोंगडीच्या काठावर गेलेला तिचा हात तिथेच थांबला.

शेजारची शिट्टी बारीक होत चालली.

मोनिकाने ओढणी डोक्याला आणि तोंडाला गच्च गुंडाळली आणि पोटावर सरपटत बाहेर पडली. माश्या हातांवर बसल्या, पाठीवर बसल्या. दात आवळून ती पुढे सरकत राहिली, पट्टा हाताला लागताच पर्स ओढून मागे आली. आत शिरताना काही माश्याही बरोबर आल्या. त्यांच्याकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता.

"मावशी, मांडीत सुई टोचते आहे."

म्हाळसाबाईने तिचा हात ढकलला. "सुई... नगं..."

मोनिकाने तो हात गुडघ्याखाली दाबला आणि लुगड्यावरूनच इंजेक्शन मांडीत दाबून धरलं. मग तिचं डोकं मांडीवर घेऊन ऐकत बसली. बराच वेळ काहीच फरक वाटेना. ती नकळत आजीचं एक भजन पुटपुटू लागली, मध्येच शब्द विसरली. हळूहळू शिट्टी कमी झाली. म्हाळसाबाईने एक लांब श्वास घेतला, मग दुसरा.

माश्या पांगल्यावर पहारेकरी वर आले. त्यांनी दोघींना गाडीत घालून शहरातल्या दवाखान्यात नेलं. मोनिकाचे हात सुजले होते, पण श्वास ठीक होता. डॉक्टर म्हाळसाबाईला तपासून म्हणाले, "सुई मिळाली नसती तर इथपर्यंत पोचल्या नसत्या."

संध्याकाळी म्हाळसाबाईचा मुलगा सोमनाथ बजाजनगरहून कंपनीच्या कपड्यांतच धावत आला. मोनिकासमोर हात जोडून उभा राहिला. शेवटी "चहा आणतो" एवढंच म्हणून बाहेर गेला.

म्हाळसाबाईचे डोळे आता किलकिले उघडत होते. "डाक्टर सांगत व्हता, सुई तुझी सोताची व्हती. येकच."

"हो."

"अन् तुलाच लागली आसती मंग?"

"तेव्हा तो विचारच मनात आला नाही, मावशी."

"खोटं बोलू नगं. इतक्या जवळ व्हते मी. तुझा हात थांबला, ते कळलं मला."

मोनिकाने मान खाली घातली.

"तरी बी गेलीस," म्हाळसाबाई म्हणाली. सलाईन लावलेला हात जपून उचलत ती खाटेवर थोडी सरकली. "बस हितं. कवाची हुबी हायेस."

मोनिका बसली आणि दुपारपासून पहिल्यांदाच तिला रडू फुटलं. म्हाळसाबाईने तिला थांबवलं नाही. सोमनाथ चहा घेऊन आला, दारातच थबकला आणि तिचं रडणं ओसरेपर्यंत तिथेच उभा राहिला.