मैनाबाईच्या बंडूची तसबीर

अकोल्याच्या अब्दुल गफ्फार पेंटरकडे लोक यायचे ते घरातलं माणूस गेल्यावर. दुकानांच्या पाट्या फ्लेक्सवाल्यांनी कधीच खाऊन टाकल्या होत्या. उरल्या होत्या मेलेल्यांच्या तसबिरी. शेतकरी आत्महत्यांच्या त्या वर्षांत हे काम काही कमी पडलं नाही. पूर्वी म्हाताऱ्यांचे फोटो यायचे, आता नुकती मिसरूड फुटलेल्या पोरांचे येऊ लागले. "थोडा गोरा करजा, कोट घालजा," घरचे सांगत. मेल्या म्हशीला मणभर दूध, हे गफ्फारभाईंना पाठ होतं. सगळ्यांना एकच निळा कोट, तेच तरतरीत नाक, तेच मंद हसू. हात आपोआप चाले, डोळ्यांना कुणी विचारतच नव्हतं.

पद्धतही ठरलेली. फोटोवर शाईने बारीक चौकटी आखायच्या, कॅनव्हासवर तेवढ्याच मोठ्या, आणि चेहरा उतरवायचा. मग रेघा पुसायला फोटोवर स्पिरिटचा बोळा फिरवायचा. त्यात कधीकधी रेघांबरोबर चेहराही जायचा. मोठी तसबीर हातात पडल्यावर चिटोऱ्याएवढ्या फोटोसाठी कोण भांडणार?

बार्शीटाकळीजवळच्या खेड्यातली मैनाबाई तिच्या बंडूचा होता तो एकच फोटो घेऊन आली होती. तरणंताठं पोरगं औषध पिऊन गेलं होतं. तो फोटोही बोळ्याने पुसला गेला. तसबीर पाहून ती म्हणाली, "गफ्फारभाऊ, हा माहा बंडू नाई वाटून राहिला."

"रंग ओला हाये बाई. वाळला का बसते बरोबर."

ती तसबीर घेऊन गेली.

वर्षभराने गफ्फारभाईंच्या लेकीने, जेबाने, त्यांना आम्स्टरडॅमला बोलावून घेतलं. ती नवऱ्याच्या नोकरीपायी तिकडे राहत होती. अब्बा पेंटर, म्हणून तिने त्यांना तिथल्या मोठ्या म्युझियममध्ये नेलं. गफ्फारभाई आधी धंद्याच्या नजरेने फिरले. फ्रेमा भारी, वार्निश पिवळं पडलेलं, असं चाललं होतं. मग एका म्हातारीच्या चित्रापुढे त्यांचे पाय थांबले. साडेतीनशे वर्षांपूर्वी मेलेली कोण कुठली बाई. पापण्या सुजलेल्या, एक डोळा दुसऱ्याहून बारीक, नाकाच्या शेंड्यावर लाली. कुणी तिला गोरी केली नव्हती की हसवली नव्हती. जवळ जावं तर नुसते रंगाचे लपके, मागे सरावं तर बाई आता काही बोलेल असं वाटे.

"अब्बा, अभी तो पूरा म्युझियम बाकी है," जेबा म्हणाली.

गफ्फारभाई बाकावर बसून राहिले. कुणा परक्याने या म्हातारीला इतकी वर्षं जिवंत ठेवलं होतं, आणि आपण मात्र गावोगावच्या पोरांना दुसऱ्यांदा पुरलं. त्यांना भर दालनात रडू आलं. बंडूचा फोटो आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. काळासावळा होता, एक भुवई मधेच तुटलेली. याहून जास्त काही आठवेना. पण आईला सगळं ठाऊक असणार. निदान एक माणूस खरा काढायचा, असं त्यांनी तिथेच ठरवलं.

परतल्यावर ते थेट मैनाबाईच्या घरी गेले. तसबिरीला ताजा हार होता. चहा झाल्यावर ते म्हणाले, "बाई, तुमी बरोबर बोलल्या होत्या. मी बंडू पुन्हा काढतो. मले फक्त सांगा, तो खरा कसा दिसे?"

मैनाबाईला फार बरं वाटलं. पोराबद्दल असं कुणी विचारलंच नव्हतं. तिने डोळे मिटले.

"गोरा होता," ती म्हणाली. "नाक तरतरीत. अन् मंद हसे."

गफ्फारभाईंनी विचारलं, "अन् भुवई? एक तुटली होती ना?"

तिने बराच वेळ आठवून पाहिलं.

"नाई जी, दुसऱ्या कोनाची असन," ती म्हणाली. "पयले पयले डोये मिटले का कोनी काळासा पोट्टा समोर ये. आता नाई येत तो. आता हाच येते."