शून्य खर्चाचा वळू

मित्रांनो, जुन्या छत्र्या आणि फाटक्या चपला तुम्हाला आपली कहाणी सांगतात आणि तुम्ही ती मन लावून ऐकता. म्हणून मीही धीर केला आहे. मी एक जुना वळू आहे. देवणीचा. देवणी हे लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आणि आमच्या जातीचं नावही तेच. गावाने जातीला नाव दिलं की जातीने गावाला, याबद्दल आम्हा जनावरांचं स्पष्ट मत आहे. पण आम्ही ते बोलून दाखवत नाही.

माझा जन्म सटवाजी आणि धोंडाबाई यांच्या गोठ्यात झाला. अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. धोंडाबाईने मला सरकीची पेंड आणि भिजवलेली चुनी खाऊ घालून वाढवलं. तरुणपणी उदगीरच्या पशुप्रदर्शनात माझा पहिला नंबर आला. पाहुण्यांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. मी तो खाल्ला. पाहुण्यांनी भाषणात त्याचा उल्लेख टाळला, हा त्यांचा मोठेपणा.

पुढे पंचक्रोशीतले लोक आपल्या गायी माझ्याकडे आणू लागले. आज या शिवारात जी रुबाबदार वासरं दिसतात, त्यांतली बरीचशी माझी आहेत. मग गुरांचे डॉक्टर मोटारसायकलवर कृत्रिम रेतनाचा थंडगार डबा घेऊन गावोगाव फिरू लागले आणि माझं बरंचसं काम त्या डब्यात गेलं. लोक माझ्या दारावरून जाताना थांबेनासे झाले. मी तक्रार केली नाही. रवंथ करणाऱ्याला विचार करायला वेळ मिळतो, एवढंच.

अशात मुंबईला एक विधेयक मांडलं गेलं. मित्रांनो, विधेयक म्हणजे कायद्याचं वासरू. सभागृहात सगळ्यांनी हात वर केले की ते मोठं होतं आणि मग त्याला कोणी वेसण घालू शकत नाही. या वासराचं म्हणणं असं होतं की प्रत्येक वळूला दरवर्षी लातूरच्या केंद्रात तपासायला न्यावं, मालकाने शुल्क भरावं आणि दाखला घ्यावा. दाखला नसलेला वळू ठेवता येणार नाही. रोगराई पसरू नये हा हेतू होता, आणि तो चांगलाच होता. शेवटी खर्चाचं टिपण जोडलं होतं. त्यात एकच ओळ होती: कोणावरही कोणताही भार पडणार नाही.

ती ओळ ऐकून सटवाजींनी डोक्याला हात लावला.

“शुल्काचं कसंबी भागंल,” ते म्हणाले. “पर ह्या धुडाला दरसाली लातूरला कशात घालून न्यावं? इकून टाकू उदगीरच्या बाजारात.”

“इका की,” धोंडाबाई म्हणाली. “माझ्याबी गळ्यात दावं बांधा. माझा तरी कुठं दाखला हाय?”

त्या दिवशी तिने मला दुप्पट पेंड घातली, आणि मला कळलं की गोष्ट गंभीर आहे.

सुदैवाने विधेयक आधी समितीकडे गेलं. समिती म्हणजे सभागृहातले मोजके आमदार, ज्यांना घाई करायला मनाई असते. त्या समितीच्या अध्यक्ष विशाखाताई. त्यांनी ठरवलं की हा कायदा कोणाला किती महाग पडतो, ते गावात जाऊन बघायचं. गाव ठरलं देवणी, आणि वळू ठरलो मी.

जिल्ह्याचे अधिकारी शेषेराव साहेब यांनी मनावर घेतलं की वळू लातूरला नेणं किती सोपं आहे, हे समितीला दाखवायचंच. सकाळीच आमच्या दारात मंडप पडला. गादी घातलेला टेम्पो आला. सुताराकडून नवी कोरी फळी आली. तालुक्यातले होते नव्हते ते सगळे डॉक्टर आले, धरायला दांडगे गडी आले, गर्दी आवरायला पोलीस आले, आणि पोलिसांना बघायला गर्दी आली.

“साहेब, माझ्या वळूचं लगीन लावायलाव का?” धोंडाबाईने विचारलं.

“मावशी, जरा गप बसा. किती सोपं हाय ते दाखवायचंय.”

समिती आली आणि दाखवणं सुरू झालं. मी फळीवर चढलो नाही. यात काही राजकारण नव्हतं. फळी हलत होती. गड्यांनी मागून रेटलं, डॉक्टरांनी पुढून चुचकारलं, एका पोलिसाची टोपी माझ्या पायाखाली आली. ऊन डोक्यावर आल्यावर धोंडाबाई स्वतःच टेम्पोत चढून उभी राहिली. मग मीही गेलो.

“बघा ताई,” शेषेराव साहेब घाम पुसत म्हणाले, “चढला!”

“चढला खरा,” विशाखाताई म्हणाल्या. “टेम्पोचं भाडं कोणी दिलं?”

“आपलाच आहे तो, ताई.”

“आपला म्हणजे?”

“म्हणजे... कार्यालयाकडून.”

“आणि फळी?”

“तीही कार्यालयाकडूनच.”

“आज दवाखान्यात कोण आहे?”

“दवाखाना आज बंद आहे, ताई. सगळे डॉक्टर इथंच आहेत.”

मंडपात माझं शेपूट हलल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला.

“कोणावरही भार पडणार नाही, हे दाखवायला आज एवढा भार पडला,” विशाखाताई म्हणाल्या. “पुढच्या वर्षी सटवाजीभाऊंच्या दारात हे सगळं कोण आणून देणार?”

विरोधी पक्षाच्या आमदारांनीही मान डोलावली. एरवी अशी मान फक्त नंदीबैल डोलावतो, त्यामुळे मला जरा संकोचल्यासारखं झालं.

तेवढ्यात टेम्पोतून धोंडाबाईने हाक दिली. “ओ ताई! तुमी तर निघालाव. आता ह्याला खाली कोण उतरवणार?”

शेषेराव साहेबांनी डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी गड्यांकडे. वळू परत उतरवायची तरतूद मसुद्यात नव्हती. विशाखाताईंनी खुर्ची मागवली आणि मी उतरेपर्यंत अख्खी समिती बसवून ठेवली.

त्या बैठकीचा फार उपयोग झाला. समितीने मसुदा परत पाठवला. नव्या मसुद्यात वळूने लातूरला जायचं नव्हतं, डॉक्टरांनी गावात यायचं होतं. एकच वळू सांभाळणाऱ्याचं शुल्क माफ झालं. आणि खर्चाच्या टिपणात प्रथमच शून्याऐवजी आकडा आला. आकडा मोठा होता, पण खरा होता, आणि सभागृहाने तो बघून हात वर केले. पुढे डॉक्टर येऊन मला तपासून गेले. त्यांनी माझ्या कानात पिवळा बिल्ला मारला. सटवाजींनी बाजाराची गोष्ट परत काढली नाही.

मित्रांनो, बैल घेताना शहाणी माणसं त्याचे दात बघतात, त्याला चालवून बघतात, आणि आपल्या घरी कडबा किती आहे हेही आठवतात. कायदा घेताना आणि कर लावताना एवढं तरी बघावं, अशी माझी नम्र विनंती आहे. तुमच्यातलं कोणी उद्या सभागृहात गेलं, तर हात वर करण्याआधी एकदा तोंड उघडा. विचारल्याने कोणाचं शिंग मोडत नाही.

माझं आता बरं चाललं आहे. रोज सकाळी धोंडाबाई येते आणि माझ्या पाठीवरून हात फिरवते. त्यावर अजून तरी कोणी कर बसवलेला नाही.