लाईटबिल माहेरचं

सकाळचे दहा वाजले होते, ऊन खिडकीतून थेट जमिनीवर पसरलं होतं, आणि त्या घरातला एकूण एक दिवा चालू होता. जिन्यातला, बाथरूममधला, गच्चीवरचा, अगदी ज्या अडगळीच्या खोलीत आठवडा आठवडा कुणी पाऊल टाकत नसे तिथलाही. पंखे रिकाम्या पलंगांना वारा घालत होते. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटलं असतं, काय श्रीमंती आहे! श्रीमंती कसली डोंबलाची! त्या घराचं लाईटबिल भलताच माणूस भरत होता.

थोरली सून फडकं खांद्यावर टाकून खोल्याखोल्यांतून फिरत होती आणि बटणं बंद करत होती. टेलरची मुलगी ती. लहानपणी कधी दिवा चालू राहिला, की तिचे अप्पा मशीनवरून न उठता विचारायचे, "कुणाची वाट बघतोय गं तो दिवा?" ती सवय अंगात मुरलेली. पण या घरात तिच्या मागोमाग सासूबाई यायच्या आणि तीच बटणं पुन्हा चालू करायच्या.

"राहू दे गं. कुठे आपल्याला भरायचंय?" असं म्हणून त्या हसायच्याही. हसताना त्यांना काही म्हणजे काही वाटत नसे.

घराच्या तळमजल्यावर सासऱ्यांची लाँड्री होती. कपडे धुण्याची मोठी मशीनं, वाळवण्याची मशीनं, वाफेच्या इस्त्र्या, सगळं दिवसभर घरघरत असायचं. सासऱ्यांना गल्लीत 'तत्त्व' म्हणत. कारण कुठलाही विषय निघो, त्यांचं सुरू व्हायचं, "आपलं एक तत्त्व आहे." शर्टाचं बटण तुटून आलं तरी भरपाई न देण्याचं त्यांचं तत्त्व होतं. पण त्यांची खरी ख्याती होती हुंड्याबद्दलची. थोरल्याच्या लग्नात त्यांनी एक पैसा घेतला नव्हता. त्याबद्दल कुठल्याशा सुधारक मंडळाने भर सभेत त्यांना हार घातला, मानपत्र दिलं. ते मानपत्र दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत लटकत होतं आणि त्याच्यावर एक छोटा पिवळा दिवा चोवीस तास जळत होता.

आता त्या न घेतलेल्या हुंड्याची गोष्ट ऐका.

लग्नाची बोलणी झाली तेव्हा तत्त्वांनी दोन्ही हात वर केले. "सोनं नको, रोख नको, वस्तू नको. आम्ही माणसं आहोत, व्यापारी नाही." टेलरच्या डोळ्यांत पाणी आलं. बिचाऱ्याला वाटलं, देवमाणूस भेटला. मग निघता निघता, चपला पायात सरकवता सरकवता, देवमाणूस म्हणाला, "एकच आहे हं व्याही. मुलीला लग्न करून वाऱ्यावर सोडलं असं कुणी तुम्हाला म्हणायला नको. घरचं लाईटबिल तेवढं तुमच्याकडे असू द्या. तुमचाही मान राहील." बिल ते काय, टेलरला वाटलं, चार दिवे आणि दोन पंखे. त्याने शब्द दिला. दुसऱ्याच दिवशी तत्त्वांनी वीज कंपनीच्या कार्यालयात जाऊन आपल्या मीटरवर व्याह्यांचा मोबाईल नंबर नोंदवला, म्हणजे बिलाचा मेसेज परस्पर तिकडे जावा. आणि त्याच आठवड्यात एका खासगी वायरमनला बोलावून दुकानाच्या मीटरवरचा सगळा भार घरच्या मीटरवर घेतला. दुकानाचं मीटर शोभेला राहिलं. लाँड्रीतली झाडून सगळी मशीनं टेलरच्या पैशावर फिरू लागली.

सुनेला यातलं निम्मंच माहीत होतं. बिल अप्पा भरतात, एवढं ठाऊक होतं. ते किती येतं, हे अप्पांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "तू सुखात आहेस ना? मग झालं तर."

तिचा नवरा वाईट नव्हता असं लोक म्हणत. वाईट असायलाही काहीतरी करावं लागतं. हा एसी सोळावर लावून गोधडी पांघरून झोपायचा. ती म्हणायची, "अहो, एक तर एसी बंद करा, नाहीतर गोधडी काढा." त्यावर याचं उत्तर ठरलेलं, "बाबांना विचार."

त्या आठवड्यात अप्पांचा फोन लागेना. एक दिवस झाला, दोन दिवस झाले. आईला दम्याचा त्रास, त्यामुळे लेकीचा जीव थाऱ्यावर राहीना. धाकट्या दिराच्या लग्नाची बोलणी करायला रविवारी पाहुणे येणार होते, घरात कामं पडली होती, तरी कुणाला न विचारता तिने बस धरली आणि माहेर गाठलं.

दार उघडंच होतं. अप्पांनी मशीन ओढून थेट उंबरठ्याशी आणलं होतं आणि उजेडाकडे तोंड करून ते पायाने मशीन मारत होते. त्यांनी हौसेने बसवलेली मोटर कोपऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली होती. आत आई पलंगावर बसून कपडे बेतायच्या पुठ्ठ्याने वारा घेत होती. प्रत्येक श्वासाला तिच्या छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता.

"लाईट गेलीय का?" मुलीने विचारलं.

"हो, आत्ताच. येईल एवढ्यात," अप्पा म्हणाले.

तिची नजर खिडकीकडे गेली. खिडकीच्या कठड्यावर मेणबत्त्यांचे वितळलेले तुकडे एकमेकांवर बसून ढीग झाला होता. ती उठून बाहेर मीटरपाशी गेली. वायर तोडलेली, वर कंपनीचं सील. त्या सीलवर धूळ साचली होती.

"अप्पा, कधीपासून?"

अप्पा सुईत दोरा ओवायचा उगाच प्रयत्न करत राहिले. मग आईच बोलली, थांबत थांबत. "दोन्ही बिलं... होईनात गं. म्हणाले, आधी तुझ्या घरचं."

"आणि तुझं वाफेचं मशीन?"

"औषधाच्या दुकानात जाते ना. तो लावू देतो, चांगला आहे बिचारा. फोनही तिथेच चार्ज करतात. दोन दिवस दुकान बंद आहे, म्हणून..."

म्हणून दोन दिवस फोन बंद होता, आणि दोन दिवस ही बाई वाफेशिवाय श्वास ओढत होती. तिकडे मानपत्रावरचा दिवा सुखेनैव चालू होता.

मुलीने आईला रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं, वाफ देऊन आणली. परत आल्यावर अप्पा हात जोडायला लागले. बापाने मुलीपुढे हात जोडले, यापरतं दुसरं काय बघायचं राहिलं?

"तू तिकडे काही बोलू नकोस. परत पाठवतील तुला. आमचं काय, दिवसा उजेड असतो. पायालाही व्यायाम होतो."

"अप्पा, तुम्ही चार दिव्यांचं बिल भरत नाही आहात. तुम्ही त्यांची लाँड्री चालवताय."

दवाखान्यात अप्पांचा फोन चार्जिंगला लावून तिने बिलाचा मेसेज वाचला होता आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. पंख्यादिव्यांनी एवढं बिल येत नाही, रिकाम्या पलंगांना कितीही वारा घातला तरी.

शनिवारी सासरी परतल्यावर तिने सासऱ्यांना सरळ विचारलं. ते पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवायचे कष्टही त्यांनी घेतले नाहीत.

"आम्ही हुंडा घेतला का? घेतला का कधी एक पैसा? ते भिंतीवर काय लावलंय, वाच."

"बाबा, माझ्या माहेरी अंधार आहे. माझ्या आईला श्वास घेता येत नाहीये."

"त्याला आम्ही काय करणार? त्यांनी शब्द दिलाय. आणि हुंडा म्हणजे कसा, डोळ्यांना दिसतो. दागिना दिसतो, गाडी दिसते. वीज दिसते का तुला? दाखव बरं."

स्वतःच्या या हुशारीवर खूश होऊन त्यांनी बायकोकडे पाहिलं. सासूबाईही कौतुकाने हसल्या. नवरा कानात हेडफोन घालून बसला होता. त्याने एक कान मोकळा केला, काय चाललंय ते ऐकलं आणि परत बंद केला.

रविवारी पाहुणे आले. दिराला सांगून आलेल्या मुलीचे वडील बसचालक. सुट्टीच्या दिवशीही ताठ बसायची सवय असलेला, कमी बोलणारा माणूस. सोबत त्यांची बहीण आणि मुलगी स्वतः. दिवाणखान्यात भरदुपारी सगळे दिवे चालू, एसी सोळावर. खालून मशीनांची घरघर. तत्त्वांनी पाहुण्यांना मानपत्रासमोरच्या खुर्च्यांवर बसवलं होतं, योगायोगाने नव्हे.

"आपलं एक तत्त्व आहे," त्यांनी सुरुवात केली. "सोनं नको, रोख नको, वस्तू नको."

बसचालकाच्या कपाळावरची आठी उकलली. ट्रे घेऊन आत आलेल्या थोरल्या सुनेला ती उकलताना दिसली. आपल्या अप्पांचा चेहरा असाच खुलला असणार, हे तिला त्या क्षणी कळलं.

"एकच आहे हं," तत्त्व पुढे म्हणाले. "मुलीला लग्न करून वाऱ्यावर सोडलं असं कुणी तुम्हाला म्हणायला नको. लाईटचं आमच्या थोरल्या व्याह्यांनी आनंदाने घेतलंय. तुम्ही पाणी आणि गॅस तेवढा बघा. नंबर देऊन ठेवा तुमचा, बाकी मी करून घेतो."

"पाणी आणि गॅस. एवढंच ना?" बसचालक म्हणाला. त्याला वाटलं असणार, चार बादल्या आणि एक सिलिंडर. खाली लाँड्री दिवसाकाठी टँकर रिचवते, हे त्याला कोण सांगणार?

थोरल्या सुनेने ट्रे टेबलावर ठेवला. कुणालाही कप दिला नाही. ती जिन्यापाशी गेली, मीटरच्या पेटीचं दार उघडलं आणि मेन स्विच खाली ओढला.

घरघर थांबली. एसी थांबला, पंखे फिरत फिरत गप्प झाले. मानपत्रावरचा पिवळा दिवाही विझला. खालून लाँड्रीतला माणूस ओरडला, "शेठ, लाईट गेली!"

"अगं, फ्यूज उडाला का?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही आई. मी बंद केलं."

"डोकं फिरलंय का? पाहुणे बसलेत!" तत्त्व उठून उभे राहिले.

"पाहुण्यांसाठीच बंद केलं, बाबा." मग ती बसचालकाकडे वळली. "काका, आत्ता काय काय बंद झालं ते ऐकलंत ना? खालची लाँड्रीसुद्धा. तीही घरच्याच मीटरवर आहे आणि ते बिल माझे वडील भरतात. ते टेलर आहेत. हे भरता भरता त्यांच्या स्वतःच्या घरची लाईट कापली गेली. माझी आई दम्याची आहे. तिचं वाफेचं मशीन लावायला घरात वीज नाही, म्हणून ती औषधाच्या दुकानात जाते. काल परवा दुकान बंद होतं. तुमच्याकडे आता पाणी आणि गॅस मागतायत. देणार असाल तर द्या. पण हुंडा दिला नाही, असं मनाशी म्हणू नका."

पहिली बोलली ती लग्नाची मुलगी. दिराकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"आता कशी आहे तुमची आई?"

एवढे दिवस त्या घरात हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. थोरल्या सुनेला तिथेच रडू कोसळलं.

बसचालक उठला. "चल बाळा," मुलीला म्हणाला. दारात थांबून त्याने मानपत्राकडे पाहिलं, मग तत्त्वांकडे. "मी दुसऱ्याची गाडी पगारावर चालवतो, साहेब. पण दुसऱ्याच्या डिझेलवर फिरून त्याला तत्त्व म्हणत नाही."

पाहुणे गेल्यावर जो काही तमाशा झाला तो वेगळा सांगायला नको. अब्रू, संस्कार, खाल्ल्या घराचे वासे, सगळं काढून झालं. सून बॅग भरत होती. तिने नवऱ्याला एकदाच विचारलं, "येताय?"

"बाबांना विचारतो," तो म्हणाला.

तिने बॅगेची चेन ओढली.

दुसऱ्या दिवशी ती अप्पांना घेऊन वीज कंपनीच्या कार्यालयात गेली. सासरच्या मीटरवरून अप्पांचा नंबर काढून टाकण्याचा अर्ज दिला. खिडकीतल्या कारकुनाने जांभई देत विचारलं, "आणखी काही?" अप्पांनी तिचा दंड धरला, डोळ्यांनीच नको म्हणाले. तिने त्यांचा हात हळूच सोडवला आणि सांगितलं, "हो. लाँड्रीला घरच्या मीटरवरून वायर आहे. बघून जा." कारकुनाची जांभई अर्ध्यावरच राहिली.

माहेरची जोडणी लगेच काही आली नाही. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागली, पहिल्या पगारात थकबाकी भरली, मग माणूस येऊन सील तोडून गेला. त्या संध्याकाळी आईने स्वतःच्या पलंगावर बसून वाफ घेतली. अप्पांनी मोटर पुसून मशीनला बसवली आणि खोलीत कुणी नाही असं बघून सवयीने दिवा मालवायला गेले. मुलगी म्हणाली, "राहू द्या अप्पा, आजचा दिवस." ते लहान मुलासारखे हसले.

आणि तत्त्वांच्या घरी? तिथे तपासणी झाली, दंड झाला, आणि पुढचं बिल पहिल्यांदा त्यांच्याच मोबाईलवर आलं. त्या दिवसापासून सासूबाई खोल्याखोल्यांतून फिरून बटणं बंद करतात. एसीवर कापड घातलंय. नवरोबा गोधडी न घेता झोपतात. संध्याकाळी दिवाणखान्यात एकच दिवा, त्याच्याखाली सगळं घर दाटीवाटीने बसतं. काय काटकसर! काय टापटीप! सगळा संस्कार एका बिलात अंगी बाणला.

सगळ्यात आधी बंद केला तो मानपत्रावरचा पिवळा दिवा. मानपत्र मात्र अजून भिंतीवर आहे. मंडळाने ते परत मागितलेलं नाही. हार घालणाऱ्यांपैकी एकालाही त्या टेलरच्या घरी जाऊन बघावंसं वाटलं नाही.

तुम्ही ज्या दिव्याखाली हे वाचताय, तो कुणाच्या पैशावर चालू आहे, ते एकदा घरच्या सुनेला विचारा. आणि ती गप्प राहिली, तर पेपर बाजूला ठेवा आणि उठा.